कॅमेऱ्यासाठी खांद्यावरची चांगली बॅग: जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

सावलीवाला

नमस्कार मंडळी,

सध्या सगळं सामान पाठीवरच्या सॅकमध्ये असतं. सॅकबद्दल तक्रार नाही, लांबच्या प्रवासाला ती उत्तमच. पण शहरात पायी फिरताना लेन्स बदलायची तर सॅक उतरवा, टेकवायला कोरडी जागा शोधा, चेन उघडा, लेन्स काढा, चेन लावा, पुन्हा पाठीवर घ्या. तेवढ्यात समोरची माणसं हललेली असतात आणि ऊन सरकलेलं असतं. त्यामुळे जी लेन्स लावून घरातून निघालो तिच्यावरच सगळा दिवस निघतो, बाकीच्या नुसत्या वाहून नेल्या जातात.

म्हणून खांद्याला लावायची बॅग घ्यायची आहे. एकदाच, पण चांगल्यातली, वर्षानुवर्षं टिकेल अशी.

सामान: कॅमेरा सोनी ए७ मार्क ४; लेन्स २४-७० एफ२.८ जीएम २, ३५ एफ१.८, ८५ एफ१.८ आणि कार्यक्रमांसाठी ७०-२०० एफ२.८ जीएम २.

कॅनव्हास आणि चामड्याच्या जुन्या वळणाच्या बॅगा मनापासून आवडतात, पण नायलॉनच्या नव्या बॅगांमध्ये सोयी जास्त दिसतात. दोन्हींच्या किमती साध्या बॅगेच्या कितीतरी पट आहेत. हे जास्तीचे पैसे कशाचे, हे आधी समजून घ्यायचंय. वापरणाऱ्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

पायपीट

बॅग नंतर. आधी वजनकाटा काढा.

तुमच्या यादीचे आकडे असे: बॉडी (म्हणजे लेन्सशिवाय कॅमेरा) बॅटरी-कार्डासकट ६५८ ग्रॅम, २४-७० ची ६९५, ३५ ची २८०, ८५ ची ३७१. इथेच दोन किलो झाले. ७०-२०० ट्रायपॉडची कॉलर काढूनही १०४५ ग्रॅम. म्हणजे तीन किलोंच्या वर. त्यात जादा बॅटऱ्या, फोन, पॉवर बँक, किल्ल्या, अर्धा लिटर पाणी. शिवाय जाड कापडाची, फोम भरलेली रिकामी बॅगच सहज किलोभर भरते. बेरीज पाच किलोंच्या पुढे जाते आणि हे सगळं एका खांद्यावर!

सॅकमध्ये पाच किलो काहीच वाटत नाहीत, कारण दोन्ही खांदे आणि कंबर मिळून उचलतात. एका खांद्यावर तेच वजन तासा-दोन तासांत जाणवायला लागतं, आणि मग बॅग कितीही भारी असली तरी ती घरीच राहते. माझ्या मते खांद्यावरच्या बॅगेत एक बॉडी आणि दोन, फार तर तीन लेन्स. ७०-२०० सॅकमध्येच राहू द्या.

आणि बॅग मुद्दाम लहान घ्या. मोठीत जागा उरली की ती भरली जातेच.

सावलीवाला

आकडे एकत्र कधी मांडलेच नव्हते. धन्यवाद. पण कार्यक्रमांना ७०-२०० लागतेच, ती कशी सोडू?

पायपीट

सोडू नका, त्या दिवशी सॅक न्या. कार्यक्रमात सॅक एका कोपऱ्यात ठेवता येते, दिवसभर पायी फिरताना येत नाही. हे दोन वेगळे दिवस आहेत. दोन्ही दिवसांना एकच बॅग पुरवायला गेलात की ती एका दिवशी अवजड होते आणि दुसऱ्या दिवशी अपुरी पडते.

मंद शटर

जुन्या वळणाच्या बॅगांचा विषय निघालाय तर जरा सविस्तर लिहितो, माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

बिलिंगहॅम ही इंग्लंडमधली कंपनी १९७३ साली सुरू झाली ती मासेमारीच्या बॅगा शिवत. काही वर्षांनी, १९७८ च्या सुमारास, त्यांच्या लक्षात आलं की न्यूयॉर्कमध्ये या बॅगा फोटोग्राफर विकत घेतायत. मग त्यांनी कॅमेऱ्यासाठीच बॅगा करायला घेतल्या. हे सांगण्याचं कारण असं की मासेमारीच्या बॅगेला जे लागतं ते या बॅगांमध्ये अजून टिकून आहे: पाणी आत न येणारं कापड, ओल्या हातानेही उघडणारे बंद, आणि वरून मोठी झडप. त्यांचं कापड तीन थरांचं असतं, बाहेर कॅनव्हास किंवा फायबरनाइट नावाचं कापड, आत अस्तर आणि मधोमध ब्यूटाइल रबराचा पातळ थर. पाणी अडवतो तो हा मधला थर. त्यामुळे वरचं कापड जुनं होऊन विटलं तरी आतलं सामान कोरडं राहतं.

डॉम्केची गोष्ट वेगळी. जिम डॉम्के हे फिलाडेल्फिया इन्क्वायरर या दैनिकाचे फोटोग्राफर. १९७० च्या दशकात त्यांनी स्वतःच्या कामासाठी एफ-२ ही बॅग तयार केली. तेव्हाच्या कॅमेरा बॅगा म्हणजे कडक खोकी. चालताना मांडीवर आपटायच्या, गर्दीत लोकांना लागायच्या. डॉम्केंनी जवळजवळ सगळा फोम काढून टाकला, मऊ सुती कॅनव्हास ठेवलं, फक्त लेन्सच्या खणांना विभागणारा एक भाग आत घातला. बॅग अंगाला बिलगते, रिकामी होत गेली की चपटी होते. पट्ट्यात रबराचे धागे विणलेले असतात, त्यामुळे ती खांद्यावरून घसरत नाही.

या दोन बॅगा म्हणजे दोन विचार आहेत. एकीत सामान सुरक्षित ठेवण्याला मान, दुसरीत हात पटकन आत जाण्याला. आज बाजारात ज्या बॅगा दिसतात, त्यातल्या बहुतेक या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात. तुम्हाला कोणत्या टोकाकडे जायचंय ते ठरलं की अर्धी यादी आपोआप गळते.

तुम्ही लेन्स बदलण्याच्या खटाटोपाबद्दल लिहिलंय, म्हणून माझा कल मऊ बॅगेकडे.

एकटा प्राइम

मंद शटर, छान लिहिलंत. पण नव्या बॅगांवर अन्याय नको.

पीक डिझाइनची एव्हरीडे मेसेंजर २०१५ साली आली. तिच्या झडपेला मॅगलॅच नावाचा चुंबकी खटका आहे. खाली ओढला की सुटतो, सोडला की स्वतःहून जागेवर बसतो. खटका अडकवायला एकाखाली एक खाचा आहेत, त्यामुळे बॅग ठासून भरलेली असो की अर्धी रिकामी, झडप नीट बंद होते. हे सगळं एका हाताने, बॅगेकडे न बघता. दुसऱ्या हातात कॅमेरा असताना याचं मोल कळतं. आतले पडदेही दुमडता येतात, एका खणात खाली लेन्स आणि वर फिल्टर असं करता येतं.

तुमच्यासाठी दुसरा मुद्दा आवाजाचा. तुम्ही कार्यक्रमांचे फोटो काढता. शांत सभागृहात वेल्क्रोचा चर्रर्र आवाज झाला की चार माना वळतात. थिंक टँकच्या रेट्रोस्पेक्टिव्ह मालिकेत वेल्क्रोवर टाकायला कापडी पट्ट्या दिल्यात, त्या पालथ्या केल्या की वेल्क्रो झाकलं जातं आणि झडप नुसती पडून राहते. टेन्बाच्या डीएनए बॅगांमध्ये झडप आधी खाली ओढून मग उचलली तर वेल्क्रो जवळपास आवाज न करता सुटतं. बिलिंगहॅमच्या हॅडलीला वेल्क्रोच नाही, चामड्याच्या पट्टीतलं भोक पितळी बटणावर बसवायचं. आवाज शून्य, पण दोन पट्ट्या लावायला वेळ लागतो. अनेक जण चालताना एकच लावतात.

कोरा निगेटिव्ह

मॅगलॅच वगैरे चुंबकांनी मेमरी कार्ड खराब होत नाही ना?

एकटा प्राइम

नाही. एसडी असो की सीएफएक्स्प्रेस, ही फ्लॅश मेमरी, बॅगेच्या चुंबकाचा तिच्यावर परिणाम होत नाही. चुंबकी पट्टीची कार्डं मात्र, उदाहरणार्थ हॉटेलच्या खोलीची, खटक्याजवळ ठेवू नका. आणि ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी छातीवर येणारी चुंबकी बक्कलं टाळावीत, किंवा आधी डॉक्टरांना विचारावं.

सुईदोरा

मी चामड्याच्या आणि कॅनव्हासच्या बॅगा शिवते आणि दुरुस्तही करते. दुरुस्तीला येणाऱ्या बॅगांमध्ये कॅमेऱ्याच्या बऱ्याच असतात. सावलीवाला, तुमचा प्रश्न "जास्तीचे पैसे कशाचे" हा आहे, म्हणून बॅग उलटी करून दाखवते.

सगळ्यात आधी पट्टा जिथे बॅगेला जोडलाय ती जागा बघा. बॅगा फाटतात त्या बहुतेक इथेच. स्वस्त बॅगेत पट्ट्याचं टोक वरच्या शिवणीत दोन इंच खोचून वरून टाके मारलेले असतात, सगळा भार त्या टाक्यांवर. चांगल्या बॅगेत पट्टी बाजूवरून खालपर्यंत उतरते, कधी तळाखालून फिरून दुसऱ्या बाजूने वर येते. मग वजन पट्टी उचलते, कापडाला फक्त आकार सांभाळायचा असतो. जोडावर चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण हवी, कडांना दाट आडवे टाके. बोटाने पट्टी बाजूला ओढा. टाक्यांची भोकं रुंद होताना दिसली तर तिथे आधीच ताण आहे.

मग कडी आणि हूक. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव हूक वरून पितळेसारखे दिसतात, पण तो नुसता मुलामा असतो. भरलेल्या बॅगेची कडी चालताना हुकाच्या वळणावर सतत घासते. माझ्याकडे आलेल्या एका बॅगेच्या हुकाला आतल्या बाजूने चकचकीत खाच पडली होती, नखाने चाचपली तर नख पूर्ण आत जात होतं. मुलामा जाऊन खालचा राखाडी धातू उघडा पडलेला, आणि हूक निम्म्या जाडीवर आलेला. मालकाला पत्ताच नव्हता, ते चेन बदलायला आले होते. जुनी बॅग वापरणाऱ्या सगळ्यांना सांगते, हूक उलटा करून आतली बाजू वरचेवर बघा. भरीव पितळ किंवा स्टील असलं तरी झीज होते, पण फार सावकाश. आणि कडी-हूक बदलता येतील असे असतील तर बॅगेचं आयुष्य कितीतरी वाढतं.

फोम हा तिसरा मुद्दा, आणि दुकानात सगळ्यात कमी बघितला जाणारा. मऊ, स्पंजासारखा पॉलियुरेथेन फोम हाताला छान लागतो, पण दमट हवेने तो काही वर्षांत विघटित होतो. आधी चिकट होतो, मग त्याचा भुगा पडतो आणि तो भुगा अस्तराच्या विणीतून थेट लेन्सवर येतो. नायलॉनच्या आतल्या बाजूला पाणी अडवायला जो पॉलियुरेथेनचाच लेप असतो, त्याचंही असंच होतं. जुनी सॅक उघडल्यावर आतून चिकट लागते आणि उग्र वास येतो, तो हाच प्रकार. बंद पेशींचा पॉलिइथिलीन किंवा ईव्हीए फोम थोडा कडक लागतो, पाणी शोषत नाही आणि पुष्कळ जास्त टिकतो. ओळखायला सोपं आहे: अंगठ्याने दाबा. स्पंज बोटाखाली पार चपटा होतो, बंद पेशींचा फोम जोर लावून विरोध करतो.

चामडं. "अस्सल चामडं" या शिक्क्यावरून प्रत कळत नाही. सगळ्यात वरचा, न घासलेला थर म्हणजे फुल ग्रेन, तो सर्वांत मजबूत. तुकड्यांचा भुगा चिकटवून केलेलं बाँडेड लेदर बघायला गुळगुळीत, पण काही काळाने पापुद्रे सुटतात. पट्टीची कापलेली कड किंवा भोकाची आतली बाजू बघा. खऱ्या चामड्यात गुंतलेले तंतू दिसतात, नकलीत कापडावर बसवलेला प्लॅस्टिकचा थर. कड जाड रंगाने पूर्ण झाकलेली असेल तर दुकानदाराला विचारा, आत काय आहे.

कापडाबद्दल थोडक्यात. नायलॉनवर १०००डी, १६८०डी असे आकडे असतात. डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, इतकंच. वीण, लेप आणि शिवण खराब असेल तर मोठा आकडा बॅगेला वाचवत नाही.

मंद शटर

सुईदोरा, हा प्रतिसाद वाचनखुणांत साठवला. माझ्या बॅगेचा हूक आत्ताच उलटा करून बघितला. खाच नाही, पण मुलामा एका जागी उडालेला आहे. बदलून घेतो.

रोखठोक

सगळं पटतं, पण एक विरोधी मत मांडतो. हल्ली फोमचे नुसते इन्सर्ट, म्हणजे कुठल्याही बॅगेत ठेवायचे खणांचे सुटे कप्पे, मिळतात, टेन्बाची बीवायओबी मालिका आहे, इतरही आहेत. आवडती साधी झोळीवजा बॅग घ्यायची, आत इन्सर्ट ठेवायचा. बॅग हलकी, कॅमेऱ्याची आहे हे कुणाला कळत नाही, म्हणजे चोराचंही लक्ष जात नाही. बॅग फाटली तर बॅग बदला, इन्सर्ट तसाच. भारी बॅगेची गरजच काय?

सुईदोरा

लहान बॉडी आणि एक-दोन प्राइम (झूम नसलेल्या लेन्स) असतील तर तुमचा मार्ग उत्तम आहे, मीही तोच सुचवीन. दोन किलोंच्या पुढे गेलं की अडचण येते. साधी बॅग वही-कपड्यांचं वजन धरून शिवलेली असते. पट्ट्याचा जोड आणि तळ दोन्ही तसेच. जड इन्सर्ट तिच्या तळाशी बसला की बॅग मधून लोंबते, इन्सर्ट एका बाजूला कलंडतो आणि लेन्स काढताना आधी तो सरळ करावा लागतो. तळाला पट्टी किंवा कडक पत्रा असलेली बॅग मिळाली तर हरकत नाही.

इन्सर्ट वेगळा निघावा, याच्याशी मात्र शंभर टक्के सहमत. महागड्या बॅगेतही मी हे पहिल्यांदा बघेन. इन्सर्ट निघाला की बॅग धुता येते, वाळवता येते, शिवता येते. फोम भिंतीतच शिवलेला असेल तर साधा टाका घालायलाही अस्तर उसवावं लागतं.

ओली सकाळ

मेण लावलेल्या कॅनव्हासबद्दल कुणी लिहिलं नाही. माझ्याकडे आहे. दिसायला अप्रतिम, दुमडीवर फिकट रेषा पडत जातात आणि बॅग तुमची होते. पण विकत घेण्याआधी हे माहीत असावं: नवी असताना मेण फिकट कपड्यांना लागतं, उन्हात पृष्ठभाग किंचित चिकट होतो, थंडीत कडक. मशीनमध्ये धुवायची नाही, साबणही नको. ब्रशने धूळ झाडायची, फार तर थंड पाण्याचं फडकं. आणि अधूनमधून पुन्हा मेण चोळून, गरम हवेने ते कापडात मुरवायचं. हे करायला आवडत असेल तरच घ्या.

पावसाचं म्हणाल तर पाणी कापडातून क्वचितच येतं. ते येतं शिवणीच्या भोकांतून, चेनीच्या दातांतून आणि झडपेच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून. म्हणून कापडाचं नाव वाचण्याआधी झडप बंद करून कोपऱ्यात बोट घालून बघा. बोट सहज आत गेलं तर पाणीही जाईल. चांगल्या बॅगेत झडपेखाली दोन्ही बाजूंना कानासारखे पदर असतात, ते आत दुमडले की फट बंद.

काळंपांढरं

ओल्या बॅगेवरून आठवलं. बॅग कोणतीही घ्या, घरी आल्यावर कॅमेरा-लेन्स तिच्यात ठेवू नका. फोम, अस्तर आणि चामडं ओलावा धरून ठेवतात, आत अंधार, हवा खेळत नाही. बुरशीला आणखी काय हवं? लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरले की लेपही खराब होतो. सामान कोरड्या कपाटात, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत. बॅग उघडी टाकून वाऱ्यावर. बॅगेत सिलिका जेलची पुडी टाकून निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. ती पुडी ओलावा पिऊन भरली की काही कामाची राहत नाही, तापवून कोरडी करावी लागते.

सरळ कणा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, फोटो हौसेने काढते. खांद्याबद्दल दोन शब्द.

एका खांद्यावर वजन आलं की तो खांदा नकळत वर उचलला जातो आणि धड विरुद्ध बाजूला कलतं. मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू सतत आवळलेला राहतो, संध्याकाळी मान अवघडते ती त्यामुळे. बॅग एकाच खांद्यावर लटकवण्यापेक्षा पट्टा छातीवरून तिरपा घ्या. पट्टा रुंद असला की दाब पसरतो आणि रुतत नाही, पण वजन कमी होत नाही, हे लक्षात असू द्या. दर थोड्या वेळाने बाजू बदला.

पट्टा आखूड ठेवा. बॅग कंबरेच्या हाडाच्या जरा वर आणि किंचित मागे आली की ती झुलत नाही. मांडीपर्यंत लोंबणारी बॅग प्रत्येक पावलाला आपटते आणि प्रत्येक झोक्याला खांद्याला हिसका बसतो. बॅगेची जाडीही बघा. तीच दोन किलो पातळ बॅगेत अंगालगत राहिली तर हलकी वाटतात, फुगीर बॅगेत अंगापासून दूर गेली की ओढतात. म्हणून लेन्स एकामागे एक रचण्यापेक्षा शेजारी-शेजारी बसतील अशी बॅग बरी.

आधीच मानेचं किंवा खांद्याचं दुखणं असेल, तर सॅकच वापरा.

एकटा प्राइम

मापाबद्दल एक. बॅगेवर लिहिलेले लिटर वाचून काही कळत नाही, कारण काही कंपन्या बाहेरचे कप्पेही त्यात धरतात. आतली लांबी-रुंदी-उंची बघा, तीही इन्सर्टच्या आतली. सावलीवाला, तुमची २४-७० जवळपास १२ सेंमी लांब आहे. बॉडीला लावून, लेन्स खाली करून उभी ठेवायची तर बॉडीची जाडी धरून साधारण २० सेंमी खोली लागते. हूड (लेन्सच्या तोंडावरची ऊन अडवणारी कड) उलटा लावला की लेन्सचा घेर वाढतो, त्याची रुंदी वेगळी मोजा. बऱ्याच देखण्या बॅगा इथे नापास होतात: कॅमेरा आत बसतो, पण झडप बंद होत नाही.

पायपीट

यावरून सांगतो, दुकानात सामान घेऊनच जा. स्वतःचं, सगळं. भरून, खांद्याला लावून दुकानातच फेऱ्या मारा. वाका, बूट बांधल्यासारखं करा, बॅग पुढे घसरून जमिनीला लागते का बघा. खुर्चीवर बसा. मग न बघता एका हाताने ८५ काढा आणि परत ठेवा. अस्तर फिकट रंगाचं असेल तर काळं झाकण आत पडलेलं चटकन दिसतं, काळ्या अस्तरात ते चाचपडत बसावं लागतं. मुख्य कप्प्याला धातूची चेन असेल तर तिच्यावर कापडी पदर आहे का बघा, नाहीतर प्रत्येक वेळी बॉडी दातांवर घासते.

ऑनलाइन मागवणार असाल तर परत घेण्याची अट आधी वाचा आणि घरात ही सगळी तालीम करा. लेबल काढू नका.

कोरा निगेटिव्ह

विमानात अशी बॅग हातातल्या सामानात चालते का?

पायपीट

समोरच्या सीटखाली मावेल एवढी असेल तर बऱ्याच विमान कंपन्या ती वैयक्तिक वस्तू म्हणून चालवून घेतात, मात्र माप प्रत्येकीचं वेगळं, आधी तपासा. सुट्या लिथियम बॅटऱ्या नेहमी जवळच्या बॅगेत, चेक-इन सामानात चालत नाहीत. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या १०० वॉट-तासांच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ लहान असतात, सावलीवाल्यांची एनपी-एफझेड१०० तर १६.४ ची आहे. फक्त टोकं झाकलेली हवीत, म्हणजे शॉर्ट होणार नाही.

सावलीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कुठेच वाचायला मिळालं नव्हतं.

आता चित्र स्पष्ट आहे. ७०-२०० सॅकमध्ये. बॅगेत बॉडीला लावलेली २४-७० आणि एक प्राइम, किंवा झूम घरी ठेवून दोन्ही प्राइम. इन्सर्ट निघणारा हवा, झडप आवाज न करता उघडणारी. कापड कॅनव्हाससारखं दिसणारं पण मेण नसलेलं, कारण दर थोड्या दिवसांनी मेण चोळणं माझ्याकडून होणार नाही. हॅडली प्रो आणि रेट्रोस्पेक्टिव्हची छोटी आवृत्ती, या दोन्ही सामान भरून बघणार आहे.

मंद शटर, डॉम्के एफ-२ ची कल्पना फार आवडली. पण गर्दीच्या बस-गाडीत बॅगेवर बाहेरून दाब येतो, तिथे थोडा फोम असलेला बरा वाटतो.

एकच राहिलं. खांद्यावरची गादी वेगळी घ्यावी का?

मंद शटर

गर्दीचा मुद्दा रास्त आहे. मग हॅडलीच बघा.

सुईदोरा

गादी काढता येणारी असेल तर घ्या. पण तिची खालची बाजू बघून घ्या. रबरी, पकड धरणारी गादी एका खांद्यावर बॅग लटकवणाऱ्यांसाठी असते. तुम्ही पट्टा तिरपा घेऊन, बॅग पाठीमागून पुढे सरकवून लेन्स बदलणार. रबर शर्टाला धरून बसेल आणि दर वेळी कॉलर ओढली जाईल. तुम्हाला गुळगुळीत अस्तराची गादी हवी, किंवा गादीशिवाय रुंद, घट्ट विणीचा पट्टा. दोन-अडीच किलोंना तेवढं पुरतं.

सरळ कणा

सहमत. आणि पट्ट्याची लांबी दुकानात जाड जॅकेट घालूनही तपासा. तिरप्या पट्ट्याला अंदाजापेक्षा बरीच जास्त लांबी लागते, उंच किंवा रुंद बांध्याच्या माणसाला काही बॅगांचे पट्टे शेवटच्या भोकावरही आखूड पडतात.

सावलीवाला

माझी उंची सहा फूट आहे, म्हणजे हे आधी बघायला हवं. शनिवारी जॅकेट आणि सगळं सामान घेऊन जातोय. दोन्ही बॅगांच्या आतल्या मापांसकट इथेच लिहितो.